मनाचा ब्रेक आणि पळस्प्याचा रस्ता

'मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक.' एसटीत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये रंगवलेलं हे वाक्य महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ आहे. मुंबईहून निघालेली गाडी पनवेल मागे टाकते आणि पळस्पे फाट्याला येते. इथे रस्ता दुभंगतो. एक वाट खोपोलीकडे जाऊन बोरघाट चढते, दुसरी कर्नाळ्याच्या खिंडीतून कोकणात उतरते. पुण्याचा प्रवासी आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी यांची सोबत इथपर्यंतच. कोकणातल्या कित्येकांना तर फाट्यावरच्या दत्ता स्नॅक्सला चहा-नाश्ता झाल्याखेरीज प्रवास सुरू झाला असं वाटतच नाही.

एसटीतल्या त्या वाक्यामागे एक जुनी समजूत आहे: अपघात मनात शिजतो, तेव्हा मनाला समजावलं की काम झालं. पळस्प्यावरून जाणाऱ्या रस्त्यांचा इतिहास वेगळं काही सांगतो. उपदेशाने इथला वाहनचालक फारसा बदललेला नाही. त्याच्यासमोरची रेघ, कठडा, कानावर पडणारा आवाज, पकडलं जाण्याची शक्यता, यातलं काही बदललं तेव्हा तो बदलला. पुष्कळदा ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

हा रस्ता आला बंदरामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस आधी होडीत बसे, खाडीतून पनवेलच्या धक्क्याला उतरे आणि तिथून पालखीने, घोड्याने किंवा गाडीने घाटाच्या पायथ्याशी जाई. 1804 च्या सुमारास इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेसाठी बोरघाटाची वाट सुधारली गेली होती. गाड्या नीट चढू-उतरू शकतील असा रस्ता 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. देशावरचा माल बंदराकडे आणि बंदरावरचा माल देशावर अशी वर्दळ वाढली. पनवेलात नगरपालिका 1852 मध्येच आली आणि गाड्यांची चाकं घडवणं हा तिथला नावाजलेला धंदा झाला.

त्या काळात वेग हा प्रश्नच नव्हता. वेग बैल ठरवी. गाडीवान झोपला तरी बैल खड्ड्यात पाय घालत नसत आणि समोरच्या गाडीवर धडकतही नसत. धोका होता तो घाटात. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येई.

त्याच घाटात, खोपोलीच्या वर, जुन्या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचं देऊळ आहे. दंतकथा अशी की इंग्रजांना घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि त्याच्या बदल्यात त्याला जीव गमवावा लागला. त्याचंच हे ठाणं. आजही तिथून जाणारे ट्रकवाले आणि कारवाले खिडकीतून नाणं टाकतात. नाणं टाकायचं तर काच खाली घ्यावी लागते, एक हात मोकळा करावा लागतो, देवळाकडे बघावं लागतं आणि त्यासाठी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा लागतो. घाटातल्या अवघड जागी प्रत्येक गाडी क्षणभर हळू व्हावी अशी ही सोय कोणा इंजिनियरने आखलेली नाही. पण वेगमर्यादेच्या पाटीला जे जमत नाही ते या चिमुकल्या देवळाला जमतं. पाटी फक्त वाचायची असते आणि इथे काहीतरी करायचं असतं.

1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली आणि पनवेलचा रस्ता ओसरला. आगगाडी कल्याण-कर्जतवरून जात होती, होडीने खाडी ओलांडायचं कारणच उरलं नाही. मोटारी आल्या तेव्हा रस्ता पुन्हा जागा झाला, पण मुंबईची मोटार ठाणे, मुंब्रा, शिळफाटा असा वळसा घालून पनवेलला येई. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल 1973 मध्ये खुला झाला आणि पनवेल एकदम मुंबईच्या अंगणात आलं. फाट्यावरची रहदारी तिथून जी वाढत गेली ती थांबलीच नाही.

या वाढत्या रहदारीला सरकारचं पहिलं उत्तर होतं ते पाट्यांचं. 'अति घाई, संकटात नेई', 'वाहने सावकाश हाका', वळणावर कवटी आणि दोन हाडं. या पाट्या लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. अडचण अशी की रोजची पाटी डोळ्यांना दिसेनाशी होते. शिवाय तिच्यात जी भीती घातलेली असते ती दुसऱ्या कोणाची तरी असते. आपण चांगले ड्रायव्हर आहोत याबद्दल कोणत्याही ड्रायव्हरच्या मनात शंका नसते. अपघात होतो तो दुसऱ्यांना.

ट्रकच्या मागची अक्षरं तर उलटंच शिकवत होती. 'हॉर्न ओके प्लीज' हे प्रत्येक ट्रकवर असल्याने हॉर्न वाजवणं म्हणजे रीत पाळणं, असं होऊन बसलं. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2015 मध्ये ही अक्षरं रंगवायला मनाई केली. सूचना साधी होती, पण त्यामागे एक समज होती: माणूस अक्षरांचा अर्थ लावत बसत नाही, तो खुणेला प्रतिसाद देतो. खूण बदलली तर प्रतिसाद बदलण्याची आशा.

एसटीने मात्र पाटीच्या जोडीला आणखी एक गोष्ट चालवली. वर्षानुवर्षं विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा महामंडळ बिल्ला आणि बक्षीस देऊन सत्कार करतं. पंचवीस वर्षांची विनाअपघात सेवा हा डेपोत मानाचा विषय असतो. इथे मनाच्या ब्रेकला बाहेरून आधार मिळाला. सावकाश चालवणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं गेलं आणि डेपोतल्या नव्या ड्रायव्हरला कोणासारखं व्हायचं हे समोर दिसलं.

मग आला एक्स्प्रेस वे. राज्य रस्ते विकास महामंडळ 1996 मध्ये स्थापन झालं आणि 2002 मध्ये कळंबोली ते देहू रोड हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला. तोवर या मुलुखातल्या ड्रायव्हरला रस्ता म्हणजे गाव, बैलगाडी, म्हैस, शाळेची पोरं आणि समोरून येणारा ट्रक. आता समोरून कोणी येणारच नव्हतं. रस्ता रुंद, सरळ आणि कुंपणातला. अशा रस्त्यावर ताशी शंभरचा वेग साठसारखा भासतो, कारण वेगाचा अंदाज डोळा बाजूने सरकणाऱ्या वस्तूंवरून घेतो आणि त्या इथे लांब असतात. रस्ता सुरक्षित वाटला की माणूस ती सुरक्षितता वेगात खर्च करतो, असा सिद्धांत अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मांडला होता. त्याच्या प्रमाणाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहेत, पण खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे पाहिले की पेल्ट्झमन आठवावेत.

या रस्त्याने मराठी माणसाची जवळची माणसं हिरावून नेली. 12 फेब्रुवारी 2001 ला अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या, पनवेलच्या पुढच्या भाताण बोगद्याजवळ. 23 डिसेंबर 2012 ला अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. पलीकडच्या लेनमधला टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. या दुसऱ्या अपघातात गाडीतल्यांनी मनाला कितीही ब्रेक लावला असता तरी उपयोग नव्हता. दुभाजक टेम्पो अडवू शकला नाही, हे कारण. पुढे या मार्गाच्या दुभाजकात पोलादी दोरांचे कठडे बसवले गेले.

इथेच प्रश्नाची मांडणी पालटते. चूक कोणाची, असं विचारलं की बोट ड्रायव्हरकडे जातं. चूक होणारच असं धरून चाललं, की ती कोणाच्या जिवावर बेतू नये यासाठी रस्ता कसा हवा असं विचारावं लागतं. स्वीडनने 1997 मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं आणि रस्त्यावरचा एकही मृत्यू अटळ मानायचा नाही असं ठरवलं. माणसाच्या निर्णयातल्या ठरावीक चुकांवर डॅनियल कानेमन यांना 2002 मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा या विचाराला विद्यापीठाची झूल चढली. पण थेलर यांच्या नोबेलआधीच त्याचा एक चोख प्रयोग पनवेल लोकलच्या वाटेवर होऊन गेला होता.

ठिकाण वडाळा, हार्बर लाइनवरचं. रूळ ओलांडताना मरणं हे मुंबईचं रोजचं दुखणं. भिंती बांधल्या, दंड केले, उद्घोषणा केल्या, तरी माणसं रुळांवरून जातच राहिली. मध्य रेल्वेने 2010 च्या सुमारास फायनल माइल या मुंबईच्या संस्थेला वडाळ्याला प्रयोग करू दिला. संस्थेचे बिजू डॉमिनिक आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन लोक रूळ कसे ओलांडतात ते बघत राहिले. त्यांना दिसलं की माणसं बेफिकीर नाहीत, त्यांचा अंदाज चुकतो. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू येताना भासते, म्हणून लोकल जवळ येईपर्यंत लांबच वाटते.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. काही स्लीपर एकाआड एक पिवळे रंगवले. गाडी त्या पट्ट्यांवरून येताना दिसली की तिचा वेग डोळ्याला मोजता येतो. मोटरमनला एका लांब शिट्टीऐवजी ओळीने दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितलं, कारण सलग आवाजाची कानाला सवय होते आणि मध्ये खंड पडला की माणूस दचकून बघतो. आणि रुळांच्या कडेला तीन फोटोंचा फलक लावला: गाडीखाली येणाऱ्या माणसाचा चेहरा, शेवटच्या क्षणाचा, भीतीने फाटलेला. कवटी आणि हाडांकडे न बघणाऱ्याला हा चेहरा बघवत नव्हता. पहिल्या वर्षी त्या जागेवरचे मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या. खर्च रंगाचा, फलकाचा. मात्र रंग उडतो, फलक मळतो, आणि कोणी पुन्हा ब्रश हातात घेतला नाही तर प्रयोग कागदावर उरतो. ही अशा उपायांची कायमची दुखरी बाजू आहे.

डोळ्याची ही फसगत पळस्प्याजवळही होते. शेडुंगला एक्स्प्रेस वे सोडून जुन्या रस्त्याला लागलेल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत शंभरचा वेग मुरलेला असतो. सत्तर त्याला रांगल्यासारखे वाटतात, आणि त्याच सत्तरने तो फाट्याच्या गर्दीत शिरतो. ब्रिटनमध्ये गॉर्डन डेंटन यांनी 1971 मध्ये एडिनबरोजवळच्या न्यूब्रिज चौकाआधी रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारले आणि त्यांच्यातलं अंतर कमी कमी करत नेलं. गाडी तेवढ्याच वेगात असली तरी पट्टे भराभर येऊ लागले की आपण वेग वाढवतोय असं वाटतं आणि पाय ब्रेककडे जातो. चौकातले अपघात उतरले. आपल्याकडचे रम्बलर, म्हणजे रस्त्यावरचे आडवे उंचवटे, याच कुळातले. फरक असा की ते डोळ्याऐवजी पाठीच्या कण्याशी बोलतात.

2016 मध्ये एक्स्प्रेस वेवर 151 माणसं मेली. त्याच वर्षी रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा अँड महिंद्रा यांनी मिळून 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' हा उपक्रम सुरू केला. पद्धत वडाळ्याचीच, आवाका मोठा. एकेका प्राणघातक अपघाताच्या जागी जाऊन मोजमाप घ्यायचं, गाडी नेमकी कशावर आदळली आणि का, ते लिहायचं. निष्कर्षांत ड्रायव्हरच्या चुकांइतकेच रस्त्याचे दोष निघाले. कडेला उघडे सिमेंटचे ठोकळे, भलत्याच ठिकाणी संपणारे कठडे, आणि रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर उभे केलेले ट्रक, ज्यांच्या पाठीत रात्री कार घुसतात. हे दोष एकेक करून हाती घेतले गेले, पोलिसांची गस्त आणि रुग्णवाहिका वाढल्या. 2019 मध्ये मृत्यू 92 वर आले. 2020 चे 66 टाळेबंदीचे म्हणून बाजूला ठेवावे लागतात. मग आकडा पुन्हा नव्वदीत चढला आणि 2023 मध्ये 65 वर आला. शून्य लांब आहे, पण निम्म्याहून खाली येणं ही छोटी गोष्ट नाही. 2018 पासून हेच काम पळस्प्यावरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरही सुरू झालं.

अपघातानंतरचा पहिला तास हाही वर्तनाचाच विषय. रस्त्यावर पडलेल्याला लोक उचलत नाहीत, मुंबई-पुण्याची माणसं दगड झालीत, अशी हळहळ नेहमीची. सेव्हलाइफने 2013 मध्ये देशातल्या शहरांत पाहणी केली तेव्हा 74 टक्के लोकांनी आपण मदतीला जाण्याची शक्यता कमी असल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या 88 टक्क्यांनी कारण दिलं ते पोलीस ठाणे आणि कोर्टाच्या खेपांचं. म्हणजे दया आटली नव्हती, हेलपाट्यांची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीत ती तरतूद मोटार वाहन कायद्यातच आली. 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून फोनवर मिळू लागली. मुंबई-गोवा महामार्गावर नाणीजच्या संस्थानाच्या रुग्णवाहिकाही धावतात. 14 ऑगस्ट 2022 ला मराठा आरक्षणाचे नेते विनायक मेटे यांचा एक्स्प्रेस वेवर मृत्यू झाला तेव्हा मदत किती वेळात पोहोचली यावर राज्यभर वाद पेटला.

त्यानंतर तीन आठवड्यांत, 4 सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मागे बसलेल्याने पट्टा लावायचा असतो हे कित्येकांना त्या दिवशी कळलं. पुढच्या सीटवर पट्टा लावला नाही तर गाडी पिरपिर करते, 2019 पासून नव्या गाड्यांत ती सक्तीचीच आहे, आणि वेग 80 च्या वर गेला तरी गाडी बोलते. मागची सीट तेव्हा मुकी होती. पण पिरपिरीवरही तोड निघाली. पट्टा न लावता आवाज बंद करणारी खोटी क्लिप ऑनलाइन खुलेआम मिळत होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या हटवायला लावल्या तेव्हा 13,118 जाहिराती खाली उतरल्या. यंत्राने माणसाला वळवायचं आणि माणसाने यंत्राला, असा हा डाव आहे.

जुलै 2024 पासून एक्स्प्रेस वेवर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आली. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर, ही सवय तोवर अंगवळणी पडली होती. दोन ठिकाणांमधला वेळ मोजून सरासरी वेग काढला की ती चलाखी चालत नाही. दंडाची रक्कम किती यापेक्षा तो नक्की होणार की नाही, याचा परिणाम जास्त असतो.

फाट्यावरून कोकणात जाणाऱ्या वाटेची कहाणी निराळी. पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. गणपतीच्या दिवसांत अवजड वाहनांना बंदी, मदत केंद्रं, खड्डे बुजवण्याच्या तारखा, हा दरवर्षीचा ठरलेला क्रम. वळणरस्ता कुठे सुरू होतो याची रात्री खूणच नसेल तर ड्रायव्हरला शिस्त शिकवण्यात अर्थ नाही. वर्तनशास्त्र रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. असलेल्या रस्त्यावर माणूस कुठे चुकतो, तेवढंच ते दाखवतं.

आणि एक्स्प्रेस वेवर जे साधलं ते कुंपणाच्या आत साधलं. तिथे दुचाकीला मनाई आहे आणि पायी माणूस नसतोच. देशात 2022 मध्ये रस्त्यावर मेलेल्या 1,68,491 माणसांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरची होती आणि 19.5 टक्के पायी चालणारी. ही माणसं जुन्या रस्त्यावर भेटतात. पळस्प्याला एसटी आणि खासगी बस थांबतात, मिनिडोर रिक्षा भरतात, बॅगा घेतलेली कुटुंबं कोकणची गाडी हेरत डांबरावर उभी असतात, आणि पलीकडच्या बाजूला जायचं तर सगळ्यात जवळची वाट दुभाजकातल्या फटीतून असते. ती फट बंद केली तर माणूस पुढची फट शोधतो. म्हणून बस कुठे थांबावी, मिनिडोरचा थांबा चौकापासून किती पावलांवर असावा, उजेड कुठे पडावा, हे आधी ठरवावं लागतं. वडाळ्याला जसं रुळाच्या कडेला उभं राहून बघितलं गेलं, तसं इथे एका संध्याकाळी माणसं कुठून कुठे जातात ते मोजलं, तर निम्मा आराखडा तिथेच तयार होईल.